गीळ

हडर्सफील्डच्या चढावर, आमच्या दारात
मंगळवारी तीन गाड्या लागतात.
बेथन गिळण्याची, ओलुमिदे आहाराचा,
आणि डोरीन, जी रोजच येते
आणि न सांगता बूट बाहेर काढते.

चहात पावडर. दोन सपाट चमचे.
ढवळायचं, मग थांबायचं.
चहाची खळ होते,
सुती साडीला लावायचे तशी.
अच्युतराव एक चमचा घेतात
आणि माझ्याकडे बघतात,
जसा हा चहा मीच शोधून काढलाय.

ओलुमिदेला मी पुरणयंत्र दाखवलं.
होळीपुरतं माळ्यावरून उतरायचं ते,
आता रोज: वरणभात, दुधी,
कधी नुसतं गाजर.
त्यानं बारीक जाळी उजेडात धरली,
म्हणाला, हे मिळतं कुठं?
मग वजन. बावन्न.
मागच्या खेपेला एक्कावन्न होतं.
कुणी काही बोललं नाही,
डोरीननं फक्त उशी सारखी केली.

बेथन समोर बसते, दोन बोटं त्यांच्या गळ्यावर.
हनुवटी खाली. घास.
पुन्हा एकदा, रिकामाच.
आता 'आ' म्हणा.
आवाज ओला आला तर सगळे थांबतात.

आज तिनं मला विचारलं,
याला तुम्ही घरी काय म्हणता?

कसं सांगू,
पानावर बसलेल्या माणसाला
हा शब्द आम्ही म्हणत नाही.
म्हटलाच तर ताट आदळून.
मी एकदा म्हटला होता,
गिरणी बंद झाली, दोन दिवस ते जेवले नाहीत तेव्हा:
गिळा एकदाचं!
फोरमनचं बोलणं तर त्यांनी
वीस वर्षं गिळलं.
कधी ठसका लागला नाही.

"गीळ," मी पुटपुटले.
"गील," बेथन म्हणाली, इतक्या मायेनं,
चमचा त्यांच्या ओठांशी.

अच्युतरावांचा अर्धाच चेहरा हसतो आता.
तो हसला.
आम्ही चौघं घाबरलो;
तोंडात घास असताना हसू नये,
फ्रिजवरच्या कागदात लिहिलंय.
हनुवटी छातीला टेकली.
घाटी वर गेली, अडली,
खाली आली.
'आ'.
कोरडा.

डोरीननं वहीत वेळ लिहिली, अकरा वीस.
आता अर्धा तास ताठ बसायचं.
गाड्या एकेक करून चढ उतरल्या.
त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं,
शब्द जुळवत राहिले बराच वेळ:
"तू... गिळलंस?"

सकाळपासून मी
चहासुद्धा घेतला नव्हता.