बर्नलीत, तिसऱ्या आठवड्यात

अभ्यासक्रमात लिहिलंय : लोकप्रिय गाणी आणि त्यांचा इतिहास.
सहा आठवडे, दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
हॉलला उकडलेल्या वाटाण्यांचा वास असतो तेव्हा,
आणि अठ्ठावीस युकुलेल्यांपैकी पाच सुरात असतात.

पहिल्या आठवड्यात झाली बापांची गाणी,
दुसऱ्यात आज्यांची.
गुडघ्यापर्यंत बूट, केसांचा घुमट,
असा एक फोटो ज्यूडने घरून आणला
आणि वर्ग हसून हसून जमिनीवर.
आज गिरणी.

पडद्यावर विणकर बायकांची रांग,
पायांत लाकडी तळव्यांचे बूट, कुणीच हसत नाही.
हे गाणं त्या मागावर उभ्या राहून म्हणायच्या, मी सांगते.
कोणी लिहिलं? माहीत नाही.
पहिल्यांदा कोणी गायलं? तेही नाही.
सुमैयाचा हात वर :
"मिस, व्ह्यूज किती होते?"

शून्य, मी म्हणते. ऐकणारेसुद्धा शून्य.
तीनशे माग एकदम चालले
की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही.
म्हणून त्या ओठांनी बोलायच्या, तोंड भलंमोठं करून :
कोणाचं लग्न मोडलं, कोणाला दिवस गेले.
गायच्याही तशाच.
चला, करून बघू. आवाज बंद. फक्त ओठ.

सत्तावीस मुलं, माशांसारखी.
अठ्ठाविसावी टेगन. कानांमागे जांभळी यंत्रं.
एरवी मागे बसून युकुलेलेच्या भोकात
खोडरबराचे तुकडे टाकत असते.
आज उठून रांगेतून फिरते, इन्स्पेक्टरच जणू.
"तू दुसरी ओळ खाल्लीस."
"आणि तू नुसतं पिझ्झा पिझ्झा म्हणतोयस."

मला इचलकरंजीची शेड दिसते.
दारात डबा घेऊन मी.
आत अण्णा, नजर धोट्याच्या येरझाऱ्यांवर,
आणि ओठ हलतायत.
काय गात होतात, रात्री विचारलं
तर म्हणाले, गाणं कुठलं? सुपारी असेल.

घंटा झाल्यावर, का कोण जाणे,
मी टेगनसमोर गुडघ्यांवर बसते
आणि अण्णांचे ओठ माझ्या तोंडावर आणून बघते,
आठवतील तसे.
ती कपाळाला आठ्या घालून वाचते.
"हे इंग्लिश नाहीये, मिस."
नाही.
"पण शेवट दर वेळी तोच आहे.
दात ओठाला लागतात, मग ओठ ताणले जातात.
म्हणजे हा कोरस."
आणि दप्तर ओढत निघून जाते, बस चुकेल म्हणून.

कोलन रोडच्या सिग्नलला, गाडीच्या आरशात,
पुन्हा : दात, ओठ, ताण.
दात, ओठ, ताण.
एकवीस.
बावीस.
तेवीस, चोवीस…

काय मोजत होतात, अण्णा?
तुटलेले धागे? वार? पाळी संपायची मिनिटं?
की नुसतंच, झोप लागू नये म्हणून?

हिरवा होतो. मागचा व्हॅनवाला हॉर्नवर बसतो.
पंचवीस, मी मोठ्यानं म्हणते,
सव्वीस, खिडकी बंद, कोणाला ऐकू जात नाही.

अठ्ठावीसपर्यंत कोरस टिकतो.
एकोणतीसला मोडतो.
तिथे ते पिंक टाकायला थांबत असावेत.