इतर

सकाळी अकराला मेल जातात, आपोआप.
मी तेव्हा पापाच्या तिकटीला चहा पीत असते,
नाहीतर दुकानात, चामड्याच्या वासात, शटर अर्धं वर.
चौदाशे बारा जणांना एकाच क्षणी वाटतं
की कोल्हापुरात कुणीतरी त्यांची आठवण काढली.
"प्रिय", मग मोकळी जागा, मग स्वल्पविराम.
जागेत नाव यंत्र भरतं.
त्याचे मला महिन्याला अकरा हजार मिळतात.

दौलूमामा व्हटकरांची वही वेगळी.
तिच्यात नावं कमी, पावलं जास्त.
गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं,
पेन्सिल सरळ धरायची, गुदगुल्या झाल्या तर थांबायचं,
आणि पावलाच्या पोटात बारीक अक्षरात लिहायचं:
डावा पाव इंच मोठा, सांगायला लाजतो.
अंगठ्याला कुरूप, वादी सैल.
घासाघीस करतील, करू द्यावी.
करकर नको, नातू झोपतो.

आषाढात कोण चप्पल घेतंय!
त्या रिकाम्या महिन्यात मी वही शीटमध्ये उतरवली.
नाव, गाव, माप, शेवटची खरेदी,
ईमेल (बहुतेक पोरांचे, कारण पैसे हल्ली तेच भरतात).
उरलंसुरलं टाकायला शेवटी एक रकाना केला
आणि त्याला म्हटलं: इतर.

एका सोमवारी रकाना सरकला.
कसा, ते मला अजून सापडलेलं नाही.
अकराच्या ठोक्याला यंत्रानं हाक मारली:
प्रिय डावा पाव इंच मोठा,
प्रिय उधारी मागू नये, भांडतात,
प्रिय बायकोला किंमत सांगू नये,
खास आपल्यासाठी पंधरा टक्के सूट!
आणि ज्यांचं वहीत काहीच नव्हतं
त्यांना नुसतं प्रिय, आणि स्वल्पविराम.

इचलकरंजीचे एक वकील दावा लावणार होते.
एका बाईंनी फोन करून, अगदी शांतपणे, किंमत विचारली.
त्रेसष्ट जणांनी यादीतून नाव काढून घेतलं.
गडहिंग्लजच्या एका मास्तरांनी एवढंच लिहिलं,
"माझ्याबद्दल काहीच नोंद नाही का?"

मी जाऊन मामांपुढं उभी राहिले.
ते दगडावर रापी घासत होते.
"खोटं काय गेलं त्यात?"
खोटं नाही, मामा. खाजगी गेलं.
रापी थांबली.
बराच वेळ रस्त्यावरच्या रिक्षाच ऐकू येत होत्या.
"मग माफी माग. आन् ती तू लिव्ह,
त्याला लावू नगंस कामाला."

तर रोज संध्याकाळी दहा, कधी बारा.
प्रत्येकाला निराळी, कारण
प्रत्येकाचं निराळंच उघड्यावर पडलं होतं.
मास्तरांना लिहिलं, एकदा दुकानात या, कागदावर उभे राहा.
वकिलांना तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं.

तेवढ्यात भिलाईहून उत्तर आलं.
"करकर नको, त्यातला नातू मी.
आता तिसावं चालू आहे, पाळी रात्रीची, झोप दिवसा.
आजोबांचा जोड दाराशी बघितलाय,
ऐकला मात्र कधीच नाही.
त्यांचं माप तुमच्या वहीत असेल.
तसाच एक करा. वाजणारा."

जोडाला बावीस दिवस लागले.
तेल दोनदा, ऊन एकदाच, तेही तिरकं.
नऊ नंबर. मी पाय घातला
तर टाच दोन बोटं आत बुडाली.
गल्ल्यापासून शटरपर्यंत चालले,
शटरपासून गल्ल्यापर्यंत.
समोरचा सोनार मान वर करून बघायला लागला.
मामा डोळे मिटून बसलेले.

अकरा वाजले. खिशात मोबाइल थरथरला:
मेल गेले, सगळे, ज्याच्या त्याच्या नावानं.
माझ्या माफ्या अजून साठ बाकी आहेत.

"परत चाल," मामा म्हणाले,
"उजव्याचं ऐकू आलं न्हाई."