खळं

उम्म अल कुवैनची खाडी, तळं क्रमांक सात.
रात्री अडीचला याकूब मुकादमचा फोन :
"बाय, खाली ये. पाणी पेटलंय."

त्याने काठीने ढवळलं
तर काठीमागे निळसर हिरवी रेघ,
आणि तळाशी आडव्या पडलेल्या कोळंब्या,
प्रत्येकीच्या पोटात कुणी दिवा ठेवल्यासारख्या.
लहानपणी वेळणेश्वरला असं पाणी दिसलं
की आम्ही ओंजळी भरभरून एकमेकींवर उडवायचो.
इथे उजेड म्हणजे ताप.
सकाळी बशीत जंतूंचे ठिपके, हिरवे,
मोजता मोजता मी मोजणं सोडलं.

औषध होतं. मागच्या हंगामात टाकलं होतं.
आता जंतू त्यातच नांदतात,
आणि औषधाचा अंश सापडला म्हणून परत आलेला कंटेनर
अजून गेटपाशी उभा आहे, वास मारत.

मग शमाल सुटला. तीन दिवस.
डोळ्यांत वाळू, चहात वाळू,
आणि चौथ्या दिवशी किनाराभर शेवाळ :
तपकिरी, गुंतागुंतीचं, मोहरीएवढे फुगे लगडलेलं.
नगरपालिकेचा ट्रॅक्टर यायच्या आत
आम्ही सहा पोती भरली.
"दाभोळला हे माडाच्या आळ्यात टाकतात,"
याकूब म्हणाला, "माड कधी तक्रार करत नाही."

गोड्या पाण्यात तीनदा धुतलं. सावलीत वाळवलं.
दळताना मिक्सर जळाला, माझ्या घरचा.
मद्यार्काची बाटली कुलपात,
दर शंभर मिलिलिटरला दोन सह्या,
आणि मॅनेजर प्रत्येक वेळी माझं तोंड हुंगल्यासारखं बघणार.

अर्क निघाला तो काळपट, जुन्या काढ्याच्या रंगाचा.
कागदाची टिकली त्यात बुडवून
जंतूंच्या बशीत मधोमध ठेवली.
दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं.
डॉक्टर फर्झाने बुशेहरच्या, कमी बोलणाऱ्या.
पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.
पुन्हा लावली. अकराच.
"थोडं आहे," म्हणाल्या, आणि पट्टी पुसत राहिल्या.

याकूबने बशी दिव्यासमोर धरली.
"हे खळं. चंद्राला पडतं ना, तेच."
मग जरा थांबून :
"पण जवळचं खळं, लांबचा पाऊस."

तरी खाद्यात मिसळलं. फक्त सातमध्ये.
आठमध्ये नाही, तुलनेसाठी;
आठवरून जाताना मी मान खाली घालायचे.
महिन्याने सातात शंभरातल्या एकसष्ट,
आठात अडतीस.
अहवालात मी "आशादायक" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

काल अडीचला जाग आली. फोन नव्हता.
खाली गेले तर याकूब आधीच काठावर,
काठी पाण्यात.
ढवळलं : काळं.
परत ढवळलं.
लांब कोपऱ्यात एक ठिणगी, तिच्याशेजारी दुसरी,
मग काही नाही.
एवढ्या काळ्या पाण्याकडे
आम्ही दोघं किती वेळ बघत बसलो,
फजरची अजान होईपर्यंत.