हजेरीपटातला समुद्र

पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं लातूरला,
विषय भूगोल, इयत्ता सहावी ते आठवी.
सकाळी साडेनऊला सही, दुपारी दोनला परत सही,
कारण जेवणानंतर माणसं
आपापल्या गावच्या गाडीला लागतात.
मीही लागले असते.
रेणापूरची जीप दारावरूनच जाते.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी पडद्यावर डोंगर उभा केला,
बोटानं फिरवला, मधोमध कापून दाखवला.
तो वळता वळताच लाईट गेली.
डोंगर गेला, पंखे गेले.
अंधारात कुणीतरी म्हणालं, चहा तरी सांगा.

तेव्हा उदगीरच्या नुसरत बाजी उठल्या.
सतरा वर्षं एकाच शाळेत, आवाज बसलेला.
खिडकीपाशी टेबल ओढलं,
बादलीत एक ओबडधोबड दगड ठेवला
आणि बुडेपर्यंत पाणी ओतलं.
एक पेला काढला, पाण्याच्या काठानं मेणखडू फिरवला.
दुसरा पेला, दुसरी रेघ.
सहाव्या पेल्याला दगड वर आला
अंगावर सहा कडी घेऊन.
"ह्या समोच्च रेषा," त्या म्हणाल्या,
"आणि हे पाणी जास्वंदीला घाला कुणीतरी,
माझ्या वर्गात पाणी फेकत नाहीत."

मी वहीत उतरवून घेतलं.
प्रमाणपत्रापेक्षा ते पान जपलंय.
प्रमाणपत्रावर माझं नाव अनसूयाच्या जागी अनुसया आहे,
दुरुस्तीचा अर्ज तीन प्रतींत.

सोमवारी माझ्या वर्गात बादली, दगड, पेला.
तिसऱ्या रेघेला मुंजाजी ढवारे बोलला,
जो नाव विचारलं तरी खाली बघतो:
"बाई, हे तर आमच्या आडासारखं की.
पाणी खाली गेलं की दगडावर पट्टा राहतो.
दिवाळीचा वर, होळीचा लई खाली.
मंग आड म्हंजी उलटा डोंगर का ओ?"
मी म्हणाले, हो.
म्हणाले, आणि खडू हातात तसाच राहिला.
पाच दिवसांत हे कुणी बोललं नव्हतं,
पडद्यावरच्या डोंगरानंही नाही.

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे,
मी रुजू झाले त्याच्याही आधीचा.
कोकण अजून कोरं करकरीत,
तिकडं कुणाचा हात जात नाही.
लातूर मात्र नाही.
"आपण कुठं राहतो?" विचारलं की बोट तिथंच,
दर जूनला, प्रत्येक पोराचं.
कागद आधी मळला, मग मऊ पडला,
मग गेला.
आता आपण म्हणजे एक भोक
आणि भोकातून चुन्याची भिंत.
नवा मागितला, दोनदा.
उत्तर आलं: सदर नकाशा वापरण्यायोग्य असल्याचे दिसते.
दिसतो खरा, लांबून.

आज प्रमाण शिकवायचं होतं. हजेरी घेतली.
गायसमुद्रे प्रतीक्षा. "हजर, बाई."
रोज म्हणते हे आडनाव,
आज जिभेवर अडलं.
अख्ख्या वर्गात समुद्र कुणी बघितलेला नाही,
मीही एकदाच, लग्नानंतर, गणपतीपुळ्याला,
चपला हातात धरून.
हिच्या घरात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या आहे,
गायीच्या शेजारी बांधलेला.

म्हटलं, प्रतीक्षा, तूच मोज.
आपल्यापासून समुद्र किती लांब?
दोरा घेऊन ती नकाशापाशी गेली आणि थांबली.
"कुठून धरू? इथं तर काहीच नाही."
मी म्हणाले, भोकाच्या काठापासून धर,
थोडा फरक पडेल, चालतं.
तिला ते चाललं नाही.
तिनं बोट आत घातलं, थेट भिंतीला टेकवलं,
"इथून, बाई."
बोटाला चुना लागला.

दोरा सोलापूर ओलांडून सांगलीपाशी संपला.
मुंजाजीनं दप्तराची नाडी सोडून दिली.
गाठ मारली. पुढं निघालो.