मीठ अंदाजाने

हेमलताचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
आणि टेबलावर चार किलो कैरी.
सांगून ठेवलेली कैरी परत पाठवत नाहीत, ती म्हणाली,
तुम्ही चिरा.

तिच्याकडे माप नाही.
मीठ? पुरेल इतकं.
म्हणजे किती?
हाताला कळतं.
माझ्या हाताला एकतीस वर्षं पिपेटची सवय,
पालिकेच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
लोकांचं रक्त, लोकांची थुंकी,
मिलिलिटरमध्ये.
मी वजनकाटा काढला.
ती हसली, मग हात दुखला म्हणून थांबली.

कैरीत कोय आडवी येते.
तोंडली उभी चार, गाजर बोटाएवढं,
ओल्या हळदीने नखं पिवळी झाली ती अजून तशीच.
येऊरवरून उतरून बाजारात बसते त्या बाईची
कच्ची करवंदं, पानाच्या द्रोणात, देठाला चीक.
धुवा. पुसा. परत पुसा.
पाण्याचा थेंब राहिला तर सगळं नासतं.
हे मात्र मला शिकवावं लागलं नाही.

बरण्या मी माझ्या पद्धतीने उकळल्या,
वीस मिनिटं, घड्याळ लावून,
झाकणं वेगळी, चिमट्याने उचलून
उपडी, धुतलेल्या पंचावर.
कॉफीच्या, मधाच्या, एक जॅमची,
जिच्यावर अर्धं सोललेलं अननस अजून चिकटून होतं.
घरभर तीच जुनी वाफ,
फक्त फिनेलशिवाय.
ती दारात उभी राहून बघत होती.
"असं करायचात तुम्ही तिथे? रोज?"
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
हे तिने पहिल्यांदा विचारलं.
मीही कधी सांगितलं नव्हतं.

उन्हाचं आणखी वेगळंच.
कन्नमवार नगरात आमच्या खिडकीत
पूर्वी चार वाजेपर्यंत ऊन बसून असायचं.
समोर सव्वीस मजले चढले.
आता ते अकरा वीसला येतं,
अकरा पंचावन्नला जातं,
बदलीवरच्या माणसासारखं.
मीठहळद लावलेल्या फोडींचं तेवढ्यात काय होणार?
गच्चीची किल्ली खानोलकरांकडे.
"वैयक्तिक वस्तू ठेवायच्या नाहीत, ठराव आहे."
म्हटलं, वस्तू नाही हो, कैरी आहे.
किल्ली देताना त्यांनी आवाज खाली आणून विचारलं,
करवंदं घातलीयत?

तेल धुरावेपर्यंत तापवलं,
पार गार होईस्तोवर वाट पाहिली.
मेथी, हिंग, मोहरीची डाळ, तिखट,
सगळं कागदावर, सगळं ग्रॅममध्ये,
आणि शेवटचं मीठ काट्यावर बरोबर एकशे वीस.
हेमलताने डावा हात पुढे केला,
ज्याने आजवर नुसतं भांडं धरलं होतं.
डब्यातून मूठ भरली, थोडं सोडलं,
थांबली,
आणखी थोडं सोडलं, मग टाकलं.
मी डबा आधी तोलून ठेवला होता, पुन्हा तोलला.
अडतीस ग्रॅम.
वहीत लिहिलं. ती बघत नसताना.

आठ बरण्या. आठ चिठ्ठ्या, क्रमांक, तारीख.
लोणच्याला नंबर कसला देता, ती म्हणाली,
ते काय पळून जाणारेय?

पाचव्या दिवशी पाच नंबरात बुडबुडे.
झाकण उघडलं तर हलकासा फुस्स.
अननसवाली बरणी.
चिकटलेलं चित्र भिजेल म्हणून
ती मी उकळायला जरा कमी ठेवली होती,
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
नमुना बाद, म्हणून सिंककडे निघालो तर
तिने अडवलं, वास घेतला, डावं बोट बुडवलं.
"आंबायला लागलंय नुसतं. आधी हेच संपवू."

त्या रात्री भातावर पाच नंबर.
दोघांनी गप्प खाल्लं.
मीठ?
मी विचारलं नाही,
तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
डाव्या हाताने, अर्धं ताटाबाहेर.

प्लास्टर सतरा तारखेला निघेल.
खानोलकरांना सहा नंबर दिला.
चिठ्ठी काढून.