बांध

हीलियम ओतलं. चार केल्व्हिन.
थंडीत तांबं कसं मऊ होतं, वाट देतं;
ही केसाहून बारीक तार मात्र अडून बसली.
रोध चढतोय.
भरमू यळ्ळूरकर आकडा लिहितो, खोडतो,
पुन्हा तोच लिहितो.

जाड तारेत इलेक्ट्रॉन रेटारेटी करतात, बगल देऊन निसटतात.
हिच्यात बगलच नाही.

यळ्ळूरच्या शिवारात सुगीला बायका
बांधावरून एकामागं एक.
पुढं मल्लवा पायातला काटा काढायला वाकली
की मागं अठराजणी उभ्या, विळे खाली.
बोलणं तेवढं पुढं जायचं,
मल्लवापाशी आपटून
मागं यायचं.

एकच काटा होता.

पहाटे भरमू पंप बंद करतो.
आईला विचारायचं राहिलंय:
थांबल्यावर
काय बोलायचा गं तुम्ही?