फक्त पुढं जायचं नाही

दंडावर मार्करनं लिहिलं ६१४,
पोटरीवर वय, ४७.
लिहिणारी पोरगी म्हणाली, काकू, हलू नका, गुदगुल्या होतात का?
होत होत्या.
वय उघडं टाकून चारचौघांत उभी राहीन
असं कुणी म्हटलं असतं, तर मी दार लावून घेतलं असतं.

राजाराम तलाव. सहाला दहा कमी.
सरनोबतवाडीकडून उजाडतंय.
पाण्यावर पिवळे फुगे, दगड बांधून थांबवलेले.
तिथंच, तिसऱ्या फुग्यापाशी साधारण,
आमची माणकी डुंबायची.
बाबा काठावर बिडी ओढत
आणि मी तिची शेपटी धरून पोहायला शिकले.
म्हणजे पोहायची ती. मी नुसती मागं.

भोंगा वाजला.
साठेक लाल टोप्या एकदम उसळल्या,
कुणाची तरी टाच चष्म्यावर बसली
आणि दुसऱ्या फुग्याआधीच माझा श्वास तुटला.
दमले नव्हते. घाबरले होते.
ह्यात फरक असतो,
पण पाण्याला तो कळत नाही.

होडीवरचा पोरगा आला. "धरा, काकू, धरा.
धरलं तर चालतंय. फक्त पुढं जायचं नाही."
चाळीस वर्षांपूर्वी नियम उलटा होता:
धरायचं, आणि म्हैस जाईल तिकडं जायचं.
मी धरलं. बारापर्यंत मोजलं.
नाव विचारलं. इर्शाद.
मग सोडलं.

बाहेर आले तर दांडीवरच्या सायकली बऱ्याच गेलेल्या.
सगळे ओल्या पायांत बूट कोंबून पळत होते.
मी खाली बसले आणि पाय पुसले,
एकेक बेचकं, नीट,
नाहीतर चिखल्या होतात, असं आई म्हणायची.
सहा मिनिटं गेली.
निकालात ती वेगळ्या रकान्यात छापून आली,
म्हणजे कुणीतरी मोजत होतं.

सायकल भाच्याची. प्रज्वलची.
गिअर एकवीस, मला कळतात तीन.
उजळाईवाडी, मग हायवे, अंगावर वारा,
गोकुळ शिरगावात रात्रपाळी सुटलेली,
फौंड्रीची काजळी तोंडावर घेऊन माणसं चहाच्या गाड्यापाशी.
"वैनी, कुठं निघालाय एवढ्या गडबडीनं?"
"परत यायला!" मी ओरडले.
ते हसले, मी हसले, आणि चेन पडली.

चेन चढवणं मात्र येतं.
दहावीपर्यंत बाबांची दुधाची सायकल माझ्याकडं होती,
दोन्ही बाजूंना कॅन.
भरलेले कॅन आणि रिकामे कॅन,
दोन्हींचे तोल वेगळे. पाठीला अजून आठवतात.
काळे हात चड्डीला पुसले आणि निघाले.

पळण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
पाय दुसऱ्याच कुठल्या बाईचे होते.
इचलकरंजीच्या उज्ज्वला मगदूम, ६०९, वय साठ,
मागून चालत आल्या आणि म्हणाल्या,
"तुमच्या पळण्यापेक्षा माझं चालणं बरं हाय की."
खरं होतं.
मग दोघी चाललो, गुडघ्यांवर बोलत,
त्यांच्या धाकट्या सुनेवर बोलत,
आणि शेवटचं वळण आलं तशा त्या
वाक्य अर्धं टाकून सुटल्या.
जोरात.
नाद करायचा नाही, बाई.

कमानीतली हवा सोडायला लागले होते.
वरचं कापड लोंबत आलेलं, मी वाकून शिरले.
चटई तरी टिंग वाजली.
दोन तास चौदा मिनिटं.
पदक घालणारी तीच, मार्करवाली.
"गुदगुल्या थांबल्या का?"

बाकीचे फोटोकडं गेले, मी पाण्याकडं.
बूट काढले, पाय पुन्हा ओले केले.
इर्शाद फुगे ओढून आणत होता,
एका दोरीला तिन्ही,
संध्याकाळी गुरं आणावीत तसे.
तिसरं यायला जरा वेळ लावत होतं.